वीस मीटरवरचं स्थळ

रविवारी लोक उशिरा उठतात, हे मला लग्नाच्या वयाची होईपर्यंत फक्त ऐकून माहीत होतं. आमच्याकडे रविवारी सव्वासहाला बाबा पांघरूण ओढायचे आणि म्हणायचे, "चल, अमेरिका फिरवायची आहे." अमेरिका फिरवायची म्हणजे चपला घालून गच्चीवर जायचं, पाण्याच्या टाकीशेजारच्या उभ्या लोखंडी पाइपला दोन्ही हातांनी धरायचं आणि त्याच्या टोकावरचा बांबूचा सांगाडा बाबा खालून सांगतील तसा वळवायचा. हा त्यांचा अँटेना. बांबू बुरूड आळीतून आणलेले, त्यांवर तांब्याची तार चौकोनात ताणलेली, सगळं बाबांनी हातानं बांधलेलं. कुणी विचारलं तर आई सांगायची, "मोठा आकाशकंदील करताहेत. बारा वर्षं झाली, कागद चिकटवायचा तेवढा राहिलाय." बाबा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून मान वर करून ओरडायचे, "कात्रजकडे पाठ कर! अजून! अजून थोडी! गेली पुढे, मागे घे!" सगळं कोथरूड झोपलेलं असायचं आणि त्यांच्या ओरडण्यानं उठायचं. एकदा मी कंटाळून पाइप नुसता हलवल्यासारखा केला आणि "झालं" म्हणून ओरडले. दोन मिनिटांनी खालून शांत आवाज आला, "हा रशिया लागलाय. तुला अमेरिका सांगितली होती."

बाबा हौशी रेडिओवाले होते. अशा लोकांना 'हॅम' म्हणतात, का म्हणतात ते विचारू नका, बाबांकडे त्याची तीन उत्तरं होती आणि तिन्ही लांब होती. सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, आपल्या हातानं यंत्र जुळवायचं आणि जगभरातल्या तसल्याच माणसांशी हवेतून बोलायचं. काय बोलायचं? तर तुमचा आवाज मला कसा ऐकू येतो आणि माझा तुम्हाला कसा येतो, हे. मग यंत्र कोणतं, अँटेना कोणता, तिकडे हवा कशी आहे, आणि नमस्कार. आपलं बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, समोरच्याचं पोचलं की 'रॉजर'. लहानपणी मला वाटायचं, एवढ्या लांब आवाज पोचवलाच आहे तर काहीतरी बोला तरी! पण बाबांच्या लेखी पोचणं हाच मजकूर होता. त्यांनी परवाना मागितला तेव्हा हा माणूस हेर तर नाही ना, हे बघायला पोलीस घरी आले होते. आई नवी नवरी होती, तिनं घाबरून त्यांना तीनदा चहा दिला. यंत्राचे भाग जुन्या बाजारातून यायचे, लष्करानं टाकून दिलेल्या पेट्यांमधून, आणि दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटांच्या आधी कुठल्यातरी उघड्या पेटीचे स्क्रू मांडलेले असायचे. माझ्या आमटीत एकदा नट निघाला. बाबांनी तो पुसून खिशात टाकला आणि म्हणाले, "सापडला!"

त्या काळात या वेडाला थोडी तरी प्रतिष्ठा होती, हे मी आज मान्य करते. परदेशी साबण दिसला तरी लोक हातात घेऊन वास घ्यायचे तेव्हा आमच्या भिंतीवर जपानपासून ब्राझीलपर्यंतची कार्डं लावलेली होती. बोलणं झालं की दोघांनी एकमेकांना पोस्टानं असं कार्ड पाठवायचं, अशी त्यांची रीत. मग देशाची दारं उघडली, घरोघरी केबल आली, नाक्यावर इंटरनेटची दुकानं आली, आणि बाबांच्या कारखान्यानं जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी पाठवलं. नावात स्वेच्छा होती एवढंच. बाबा दिवसभर घरी आणि यंत्रही दिवसभर चालू. हॉलच्या कोपऱ्यातून सतत खरखर यायची, मध्येच शिट्टी, मध्येच नाकात बोलणारा एखादा ऑस्ट्रेलियन. मला तेव्हा हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी लागली होती. एकदा मी त्यांना म्हटलं, "बाबा, मी ऑफिसात बसून अमेरिकेतल्या माणसाशी एका सेकंदात बोलते. कुणाला गच्चीवर चढवावं लागत नाही." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मधे किती लोकांच्या तारा लागतात?" ते म्हणाले. "माझ्या आणि अमेरिकेतल्या दामल्याच्या मधे कुणी नाही." आणि परत नॉब फिरवायला लागले. एखाद्या माणसाशी वाद घालायचा आणि त्यानं हरल्याचं लक्षातच घेऊ नये, याच्यासारखा मनस्ताप नाही.

मधे कुणी नाही म्हणे! मधे आमची सगळी सोसायटी होती. खालच्या जोगळेकर काकूंकडे रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागायची. ऋषी शाप द्यायला तोंड उघडायचे आणि बाबांचा आवाज यायचा, "माझा अँटेना जमिनीपासून पंधरा मीटर उंच आहे. ओव्हर." काकू पोळ्यांचं लाटणं घेऊन वर आल्या. बाबांनी त्यांना दोष केबलवाल्याच्या उघड्या जोडांचा कसा आहे ते आकृती काढून समजावलं आणि जिन्यातल्या फळ्यावर सूचना लावली: 'माझा आवाज आपल्या टीव्हीत आल्यास आपला टीव्ही तपासून घ्यावा.' त्यानंतर काकू आईशी हळदीकुंकवापुरतं बोलायच्या. आईनं मात्र या सगळ्या वर्षांत यंत्राच्या त्या कोपऱ्यात पाऊल टाकलं नव्हतं. केर काढतानासुद्धा ती तेवढा भाग सोडून द्यायची.

तर दामले. दामले काका हे बाबांचे इंजिनिअरिंगच्या वसतिगृहातले मित्र. दोघांनी मिळून परवान्याचा अभ्यास केला, मग काका अमेरिकेला गेले आणि न्यू जर्सीत राहिले. वीस वर्षं दर रविवारी आमच्या सकाळी आणि त्यांच्या शनिवारच्या संध्याकाळी हे दोघं बोलत आले होते. लहरींच्या ज्या पट्ट्यावर बोलायचे त्याला वीस मीटर म्हणतात. बोलणं मराठीत, आणि विषय तेच. काकांची बायको आजारी होती ते आम्हाला आठ महिन्यांनी कळलं, पण त्यांच्या मायक्रोफोनचा नंबर आईलासुद्धा पाठ होता.

त्या वर्षी मला स्थळं बघत होते. कौस्तुभचं स्थळ हडपसरचं. आई-वडील तिथे, मुलगा न्यू जर्सीत सॉफ्टवेअरमध्ये. तो दोन आठवड्यांच्या सुट्टीवर आला, आमच्याकडे पोहे खाऊन गेला, एकदा आम्ही दोघं बाहेर भेटलो आणि त्यानंतर आमच्या ईमेल सुरू झाल्या. होकार कुणीच दिला नव्हता, पण मी ऑफिसात पोचल्यावर आधी मेल उघडायचे आणि मग पर्स खाली ठेवायचे. तो मला आवडला होता, हे मी आज आडवळणं न घेता लिहू शकते. आणि तो मला सगळ्यात जास्त आवडला तो त्याच्या एका मेलमुळे. त्यात त्यानं लिहिलं होतं की त्याचं काम चार महिन्यांपूर्वीच सुटलं आहे. तिकडे तेव्हा कंपन्या धडाधड बुडत होत्या. त्याची कंपनी त्याला 'बेंचवर' ठेवून होती, म्हणजे काम नाही, पगार अर्धा आणि तोही कधी येईल तेव्हा. घरी त्यानं सांगितलं नव्हतं. वडिलांना हृदयाचा त्रास होता आणि आई सगळ्या हडपसरला मुलाच्या नोकरीचं कौतुक सांगत फिरायची. "तुला सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर वाटेना," त्यानं लिहिलं होतं. "तू कुणाला सांगू नकोस." मी कुणाला सांगितलं नाही. आईला तर नाहीच. तिनं त्याच दिवशी पत्रिका परत पाठवली असती. काम मिळेपर्यंत थांबायचं, असं आमचं दोघांचं ठरलं होतं.

आणि इकडे बाबांना मुलाची चौकशी करायची सुचली. मुलीच्या बापानं चौकशी करणं रास्तच आहे, पण लोक ती ओळखीपाळखीतून, कानात बोलून करतात. आमच्या बाबांनी एका रविवारी दामले काकांना हवेतून सांगितलं, मुलाचं नाव, पत्ता आणि कंपनीसकट, की जाऊन बघून ये. मला कळलं तेव्हा मी हातच जोडले. "बाबा, फोन नाही का? पत्र नाही का? कुणीही ऐकेल!" ते हसले. "वीस मीटरवर मराठी कोण ऐकतंय?" वीस वर्षं ज्या माणसानं मला सांगितलं की हवेत सोडलेला शब्द कुणाचाही असतो, तोच माणूस हे म्हणत होता. वीस वर्षांत त्यांनी खासगी म्हणावं असं काही बोलायला घेतलंच नव्हतं, म्हणून तो धडा त्यांना स्वतःला कधी लागला नव्हता.

पुढच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे गच्चीवर पाइपला लटकले होते. अमेरिका नेमकी लावून दिली, बाबांनी खालून "उत्तम!" अशी शाबासकी दिली, मी वाळत घातलेल्या चादरी गोळा केल्या आणि खाली आले. घरात फोडणीचा वास होता, पण कढईत काही पडलेलं नव्हतं. आई झारा धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि स्पीकरमधून दामले काका खणखणीत आवाजात सांगत होते, "कौस्तुभ सज्जन मुलगा आहे. डाळभात स्वतः करतो. पण काम नाही रे त्याला, चार महिने बेंचवर आहे, घरी पत्ता लागू दिलेला नाही बिचाऱ्यानं. ओव्हर." काकांचा काही दोष नव्हता. विचारलं होतं, त्यांनी सांगितलं. आईनं गॅस बंद केला. "हे स्थळ संपलं," ती म्हणाली. मी म्हटलं, "मला माहीत होतं." मग ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत राहिली ती मी अजून विसरलेले नाही. त्या दिवशी आमच्याकडे पोहे झालेच नाहीत.

एवढ्यावर भागलं असतं तर मी आईला कसंतरी समजावलं असतं. सोमवारी संध्याकाळी हडपसरहून फोन आला. कौस्तुभचे वडील म्हणाले, "आमच्या मुलाची अब्रू तुम्ही रेडिओवरून चव्हाट्यावर मांडलीत. आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती." कौस्तुभचे मामा ग्वाल्हेरला राहायचे. निवृत्त शिक्षक, पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेलं मराठी घर, आणि हॅम. बोलायचे कमी आणि ऐकायचे जास्त. दर रविवारी वीस मीटरवर दोन मराठी म्हातारे बोलतात म्हणून ते मराठी कानावर पडावं या ओढीनं ऐकत बसायचे, आणि त्या रविवारी त्यांना त्यात आपल्या भाच्याचं नाव ऐकू आलं होतं.

बाबांनी रिसीव्हर खाली ठेवला. आई आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते म्हणाले, "ग्वाल्हेर! म्हणजे पहिल्याच उडीला तिथे उतरतोय मी!" वीस मीटरच्या लहरी आकाशात जाऊन परत खाली येतात, जवळच्या गावांना चुकवतात आणि लांब उतरतात, तर त्या नेमक्या ग्वाल्हेरला उतरत होत्या, हे त्यांना इतकी वर्षं माहीत नव्हतं आणि आता माहीत झालं होतं. क्षणभर तो माणूस खरोखर आनंदात होता. मग त्यांचा चेहरा बदलला आणि मला वाटलं, आता तरी उजेड पडला. तर म्हणाले, "पण ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं! परवान्याच्या अटीत लिहिलेलं आहे. हा कसला हॅम?"

मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की तुम्हाला ब्राझीलचं ऐकू येतं पण घरातलं ऐकू येत नाही, असं मी म्हणाले, आणि हेही म्हणाले की तुमचा तो बांबू मी पाडून टाकीन. जोगळेकर काकूंना या वेळी टीव्हीची गरज पडली नाही. मंगळवारी ऑफिसात कौस्तुभची एका ओळीची मेल आली होती. "तू सांगशील असं वाटलं नव्हतं." मी तीन उत्तरं पाठवली. बुधवारी आणखी दोन. काही आलं नाही. फोन केला तर तो उचलत नव्हता. कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी सकाळ-संध्याकाळ रडायचे आणि वाकडला ट्रॅफिकमध्ये बस अडकली की मला बरं वाटायचं, कारण घरी जायचं नसायचं.

शुक्रवारी बाबा नाक्यावरच्या परदेशी फोनच्या बूथमध्ये गेले आणि त्यांनी दामले काकांना फोन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. परत येऊन म्हणाले, "रविवारी दामल्या त्या मुलाला घरी आणून सेटसमोर बसवतोय." मी कपाळावर हात मारला. फोन लागतच होता तर त्याला फोनवर नाही का बोलवायचं? "चूक जिथे केली तिथेच दुरुस्त करायची," बाबा म्हणाले. "ज्यांनी पहिलं ऐकलं त्यांना दुसरंही ऐकू गेलं पाहिजे. फोनवर कोण ऐकणार?" त्यांचं हे तर्कशास्त्र आज मला पटतं. त्या शुक्रवारी मला फक्त दार आपटायचं होतं, आणि ते मी आपटलं.

रविवारी अमेरिका मी लावली नाही. बाबा स्वतः गच्चीवर गेले, स्वतः फिरवली, धापा टाकत खाली आले आणि सेटसमोर बसले. मी मागे उभी राहिले. दामले काकांचा आवाज आला, बारीक, खरखरीत बुडालेला. मुलगा शेजारी बसला आहे, असं ते म्हणाले. परवाना नसलेल्यानं मायक्रोफोनवर बोलायचं नसतं, म्हणून त्याचं उत्तर काकाच सांगणार होते. बाबांनी मायक्रोफोन उचलला. त्यांचा रेडिओवरचा आवाज वेगळा होता, सपाट आणि सावकाश, शब्दांमध्ये सारखं अंतर ठेवणारा. त्याच आवाजात ते म्हणाले, "कौस्तुभ, तुझी गोष्ट माझ्या मुलीनं कुणालाही सांगितली नाही. आम्हालासुद्धा नाही. चौकशी मी करवली. या ठिकाणी करवली, ही माझी चूक. मी तुझी माफी मागतो. ग्वाल्हेर ऐकत असेल तर त्यांनीही हे तुझ्या आई-वडिलांना कळवावं. ओव्हर." बाबांना मी त्याआधी कुणाची माफी मागताना पाहिलेलं नव्हतं. माझा राग तेवढ्यानं गेला नाही, पण तो कुठे ठेवायचा ते मला कळेना.

उत्तर आलं आणि मध्येच लाट ओसरली. "मुलगा म्हणतो, काका, तुम्ही... तिला विचारा की..." आणि पुढे नुसती खरखर. मी म्हटलं, "काय म्हणाला?" बाबा म्हणाले, "शेवट तुटला." "अहो, अंदाजानं सांगा ना!" तर म्हणे, अंदाज सांगायचा नसतो, जेवढं ऐकू आलं तेवढंच! मी अक्षरशः केस धरले. आणि तेव्हा त्याच जागेवर एक नवा आवाज आला, अगदी स्पष्ट, हिंदी वळणाचं मराठी बोलणारा. "पुणे, मी ग्वाल्हेर. मला न्यू जर्सी नीट येतंय. अनुमती असेल तर शेवटचं वाक्य सांगतो." ते मामा होते. दोघांना एकमेकांचं ऐकू येत नसलं तर तिसऱ्यानं मध्ये उभं राहून निरोप पोचवायचा, शब्दाला शब्द, आपलं काही न घालता आणि काही न गाळता, ही या लोकांची जुनी रीत आहे. बाबांनी ओठ आवळले, पण म्हणाले, "बोला." मामा म्हणाले, "मुलगा विचारतो आहे, ती फार रागावली आहे का. ओव्हर. आणि पुणे, मीही क्षमा मागतो. माझ्याच्यानं राहवलं नाही."

माझा आठवड्याचा सगळा कोंडमारा बाहेर आला. "रागावलीय का? हो म्हणावं! भयंकर! त्याच्यावर, तुमच्यावर, दामले काकांवर आणि या ग्वाल्हेरवर!" आणि त्याच दमात आणखीही बरंच. बाबा मायक्रोफोन हातात धरून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी तो हळूच खाली केला. "हा तिसऱ्या माणसाचा खासगी निरोप झाला," ते म्हणाले. "परवान्यात बसत नाही. माझी माफी वेगळी, ती माझी होती."

मागून पोह्यांचा वास आला आणि त्याबरोबर आई. ती सरळ त्या कोपऱ्यात आली, बाबांच्या खुर्चीला लागून उभी राहिली. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ. मग म्हणाली, "अहो, दाबा ते बटण."

बाबांनी बटण दाबलं. आणि त्याच सपाट, सावकाश आवाजात, एकही शब्द न गाळता, ते सगळ्या जगाला सांगू लागले, "मुलगी म्हणते, हो. भयंकर रागावली आहे. तुझ्यावर, माझ्यावर, दामल्यांवर आणि या ग्वाल्हेरवर. मुलगी म्हणते, पाच मेल पाठवल्या, एकीचं उत्तर नाही, मूर्ख आहेस. नोकरी गेली म्हणून तोंड लपवून बसायचं काही कारण नाही. तिला नोकरी आहे. तिचा पगार दोघांना पुरेल. मुकाट्यानं इकडे निघून ये. ओव्हर."

ग्वाल्हेरहून 'रॉजर' लगेच आला. न्यू जर्सीला जरा वेळ लागला.